वकील म्हणतात बाबा 'कॉग्नेट', म्हणजे नक्की काय?

दादर_वेस्टवाला:
बाबांचे एक मामेभाऊ, लग्न केलं नाही, आईबापाला एकुलते एक, दादरचा फ्लॅट ठेवून मृत्युपत्र न करता गेले. आता त्यांचा चुलतभाऊ म्हणतो सगळं माझं. आमचे वकील म्हणाले तो 'अ‍ॅग्नेट', तुमचे बाबा 'कॉग्नेट', तुमचा नंबर नंतर. अहो पण रक्ताचं नातं दोघांचं सारखंच ना? हा लॅटिन शब्द तर रक्ताच्या नातेवाइकांसाठीच आहे असं वाचलं.

पोथीवाला:
बरोबर वाचलंत. कॉग्नातुस म्हणजे सोबत जन्मलेला, त्यातलं ग्नातुस आणि संस्कृतातलं 'जात' (जन्मलेला) एकाच मुळातले. रोमन लोकांत कॉग्नाती म्हणजे आईकडचे बापाकडचे सगळेच रक्ताचे, आणि आग्नाती फक्त पुरुषांच्या साखळीतून जोडलेले, त्यात दत्तक मुलगाही आला. वारसा आधी आग्नातींना, हा भेदभाव जस्टिनियन बादशहाने इ.स. ५४३ मध्ये काढून टाकला, आपल्याकडे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मात्र तो अजून ठाण मांडून आहे. आपल्या जुन्या भाषेत अ‍ॅग्नेट म्हणजे गोत्रज आणि कॉग्नेट म्हणजे बंधू (इथे भाऊ असा अर्थ नाही). तुमच्या साखळीत आजी मधे आली, एक बाई आली की गोत्र तुटलं आणि तुम्ही कॉग्नेट! मला तर हे पटतच नाही, पण कायदा आहे.

नर्सताई_परळ:
आमच्याकडे केसपेपरवर एनसीएम लिहितात ते यातलंच का? नॉन कन्सँग्विनिअस मॅरेज, म्हणजे नवराबायको नात्यातले नाहीत. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असलं की थर्ड डिग्री लिहायचं.

पोथीवाला:
ताई तो शब्द वेगळा, सांग्विस म्हणजे रक्त त्यावरून. रोमन कायद्यात कन्सँग्विनेई म्हणजे एका बापाची भावंडं, दवाखान्यात अर्थ सैल झाला.

कोर्टकचेरी:
शब्दाचं राहू द्या, दादरवाले, तुमची आजी म्हणजे त्या गेलेल्या काकांची सख्खी आत्या ना? ती कधी गेली, काकांच्या आधी की नंतर? अ‍ॅग्नेट-कॉग्नेटची पाळी कायद्यातल्या जवळच्या वारसांच्या क्लास वन, क्लास टू या दोन्ही याद्यांतलं कोणीच मागे नसलं तरच येते.

दादर_वेस्टवाला:
आजी नंतर गेली, दोनेक महिन्यांनी. का हो?

कोर्टकचेरी:
अहो मग चुलतभावाचा प्रश्नच कुठे येतो! बापाचा भाऊ आणि बापाची बहीण क्लास टू मध्ये सातव्या नोंदीत आहेत. वरच्या नोंदींतलं कोणी नसेल, आणि त्या चुलतभावाचे वडील काकांच्या आधीच गेले असतील, गेलेल्यांचा दुसरा काका किंवा आत्याही मागे नसेल, तर काका गेले त्याच क्षणी फ्लॅट आजीचा झाला. मेलेल्या बापाच्या जागी मुलगा उभा राहतो असं क्लास टू मध्ये नाही. आता तो आजीचे वारस म्हणून तुमच्याकडे येतो, त्यात तुमच्या सख्ख्या आत्यांचाही बाबांइतकाच हिस्सा, हे आधीच बोलून घ्या. दोन्ही मृत्यूदाखले घेऊन वकिलांकडे जा आणि तारखा दाखवा, त्यांनी आजीबद्दल विचारलंच नसेल.