सुरमईच्या रिपोर्टात पारा १.२५ आलाय, वैनींना आणि लहान पुतणीला मासे किती द्यायचे?

अनगोळकर
नमस्कार मंडळी. घरात वैनींना सहावा महिना चालू आहे, वजन ५८ किलो. पुतणी चार वर्षांची, १४ किलोची. आठवड्यातून दोन-तीनदा मासे होतात, माल गोव्याचा नाहीतर कारवारचा. नऊ किलोच्या सुरमईचा एक काप चामडीसकट एका प्रयोगशाळेत तपासायला दिला होता. रिपोर्टात पारा १.२५, आर्सेनिक ५.०, कॅडमियम ०.०५ पेक्षा कमी आहे, सगळं मिलिग्रॅम प्रतिकिलो. ओलावा ७६ टक्के. पद्धत आयसीपी-एमएस (धातू मोजायचं यंत्र) लिहिली आहे. मर्यादा ०.५ असल्याचं वाचलं, म्हणजे हा मासा अडीचपट वर गेला का? मीठ-हळद-आमसूल लावून धुतलं, रवा लावून खरपूस तळलं तर पारा उतरतो का? आणि तिसऱ्या, माणकी (माकूळ), सुका बांगडा यांचं काय?

रसायन_खानापूर
अनगोळकर, आधी रिपोर्टाच्या तळाशी बघा. तिथे 'ड्राय वेट' किंवा नुसतं 'डीडब्ल्यू' असं बारीक अक्षरात असणार. ओलावा वेगळा काढून दिलाय म्हणजे बाकीचे आकडे बहुतेक वाळवलेल्या मांसाचे आहेत. कायद्याची मर्यादा मात्र ओल्या, कच्च्या माशावर धरतात. ७६ टक्के पाणी गेलं की उरला २४ टक्के कोरडा भाग, म्हणून १.२५ गुणिले ०.२४, म्हणजे ०.३०. अडीचपट वगैरे काही नाही.

तरी ०.३० म्हणजे बिनघोर, असंही समजू नका. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०११ च्या नियमावलीत माशातल्या एकूण पाऱ्याला मर्यादा ०.५ होती, पण मिथाइल मर्क्युरीला (पाऱ्याचं शरीरात साचणारं सेंद्रिय रूप) ०.२५. माशाच्या मांसातला बहुतेक सगळा पारा मिथाइलच असतो. तेव्हा एका मर्यादेच्या आत आणि दुसरीच्या उंबरठ्यावर असा हा मासा आहे.

आर्सेनिकच्या ५.० ने घाबरू नका. ओल्या वजनावर ते १.२ होतं, आणि समुद्री माशातलं आर्सेनिक मुख्यतः आर्सेनोबीटेन या रूपात असतं, जे शरीर जसंच्या तसं लघवीवाटे टाकून देतं. विषारी ते अजैविक आर्सेनिक. प्रयोगशाळेकडे 'इनऑर्गॅनिक आर्सेनिक' वेगळं मागितल्याशिवाय या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

पुन्हा तपासणार असाल तर नमुना नीट घ्या. चामडी, काटे आणि बाजूचं काळपट रक्ताळ मांस काढून फक्त पांढरं मांस घ्या, किमान २०० ग्रॅम. पाट आणि स्टीलची सुरी साबणाने धुऊन स्वच्छ पाण्याने खळखळून काढा. विळीची गंजकी धार नको, आणि वर्तमानपत्रात गुंडाळणं तर मुळीच नको, शाईतून शिसं-क्रोमियम लागतं. नव्या झिप पिशवीत घालून गोठवा, थर्माकोलच्या पेटीत बर्फाबरोबर न्या. एका माशावरून बाजाराचा अंदाज येत नाही. एकाच जातीचे, साधारण सारख्या वजनाचे पाच मासे घेऊन प्रत्येकाचं सारखं मांस एकत्र वाटून द्या.

एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) यादीत 'मासे, पारा' असं स्पष्ट नाव असलेली प्रयोगशाळाच धरा, आणि तिला तीन प्रश्न विचारा. एक, निकाल ओल्या वजनावर देणार का. दोन, मांस विरघळवताना बंद भांड्यात मायक्रोवेव्ह डायजेशन करता का. उघड्या चंचुपात्रात हॉटप्लेटवर आम्लात उकळलं तर पारा वाफेबरोबर उडतो. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवलेलंच मांस पुढे पाऱ्यासाठी वापरलं तरी तेच होतं. ओलाव्यासाठी वेगळा तुकडा हवा. तुमचं १.२५ असं काढलेलं असेल तर खरा आकडा त्याहून जास्त असू शकतो. तीन, सोबत प्रमाणित नमुना लावला होता का. कॅनडाचं 'डॉर्म-४' हे माशाच्या प्रथिनाचं चूर्ण त्यासाठी चालतं, त्यात पारा ०.४१ आहे. त्याच यंत्रावर त्याचं उत्तर ०.२५ येत असेल तर तुमचा आकडाही तितकाच खाली घसरलेला.

आता धुण्याचं आणि तळण्याचं. मिथाइल मर्क्युरी चरबीत नसतो, पृष्ठभागावरही नसतो. तो मांसाच्या प्रथिनातल्या गंधकाला घट्ट धरून बसलेला असतो. आमसूल-हळदीने वशेटपणा जातो, पारा नाही. तळल्यावर पाणी उडतं: १०० ग्रॅम कच्च्या कापातले ३० मायक्रोग्रॅम तळल्यावर ७५ ग्रॅममध्ये तसेच राहतात. म्हणून हिशेब नेहमी कच्च्या वजनाचा करा.

जांबोटी_रस्ता
रिपोर्टाचं वरती झालंच. बाजारात उभं राहिल्यावर रिपोर्ट नसतो हातात, तिथे जात आणि आकार बघायचा.

गाळात हवा पोचत नाही तिथले जीवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल करतात. तो शेवाळात, तिथून पेडव्या-बांगड्यात, आणि त्यांच्यातून सुरमईत चढत जातो. मासा जितका शिकारी आणि जितका म्हातारा तितका साठा मोठा. म्हणून मोरी, वागळी, मोठा कुपा, गेदर आणि सहा-आठ किलोची इसवण (म्हणजे सुरमईच) वैनींच्या ताटातून आत्ता बाजूला ठेवा. मोरीचं कालवण बाळंतिणीला दूध यावं म्हणून घाटाखाली मुद्दाम करतात, ती रीत या बाबतीत उलटी पडते. त्याऐवजी मुडदुशे द्या, आपल्याकडे आजारी माणसाला आणि लहान पोरांना तेच देतात आणि ते बरोबरच आहे. पेडवे, तारले, मोतियाळे, लहान बांगडे, सुंगटं, हे सगळं बिनधास्त.

फरक किती असतो त्यासाठी अमेरिकेच्या एफडीएची (अन्न-औषध खातं) सरासरी बघा, किलोमागे मिलिग्रॅम पारा: शार्क ०.९८, किंग मॅकरल ०.७३, तारल्यांच्या जातीचे मासे ०.०१३, कोळंबी ०.००९. आकडे तिकडच्या पाण्यातले आहेत, पण किंग मॅकरल ही आपल्या सुरमईची सख्खी जातभाई, आणि चढण सगळीकडे अशीच असते. सुरमई खायचीच तर दोन-अडीच किलोच्या आतली अख्खी बघून घ्या. कापलेल्या तुकड्यात मधल्या काट्याचा मणका अंगठ्याएवढा जाड दिसला की समजा मासा मोठा होता.

'कारवारचा की गोव्याचा' हा प्रश्न सुरमईला फारसा लागू नाही, ती शेकडो मैल फिरते. तिसऱ्या, खुबे, कालवं, शिणाणे यांना मात्र तो पहिला विचारायचा, कारण ती जिथे रुजतात तिथलंच पाणी गाळतात. कारवारजवळ बिणग्याला पाऱ्याच्या सेलवर चालणारा कॉस्टिक सोड्याचा कारखाना होता. त्या पद्धतीत मिठाच्या पाण्यातून वीज सोडतात, सोडियम पाऱ्यात विरघळतं, आणि मिठाच्या गाळाबरोबर थोडा थोडा पारा बाहेर जातो. त्या परिसरातल्या पाऱ्याच्या मोजणीवर १९९० साली शोधनिबंध आला होता. पुढे देशातले असे कारखाने पारा न लागणाऱ्या मेम्ब्रेन सेलवर गेले. पण गाळात बसलेला धातू कारखान्याबरोबर जात नाही, ड्रेजिंग झालं की परत ढवळतो. धक्क्याशेजारची, बंदरातली शिंपली म्हणूनच नकोत. बोटींच्या बुडाला लावायच्या रंगात तांबं असतं, आणि तांबं जास्त झालं की कालवाचं मांस हिरवट दिसतं. तसं कालव घेऊ नका.

तिसऱ्या घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात ठेवतात, लिटरला तीन सपाट चमचे, चार-पाच तास. त्याने वाळू पडते. धातू पडत नाहीत, त्यांना स्वच्छ पाण्यात आठवडे लागतात.

माणकीत पाऱ्यापेक्षा कॅडमियमची काळजी. ते आतल्या तपकिरी पिशवीत साठतं. डोकं धरून हळू ओढलं की पिशवी अखंड निघते. फुटली तर आतून बोट फिरवून वाहत्या पाण्याखाली पूर्ण धुवा, तो रस कालवणात नको. कुर्लीच्या पाठीतला तपकिरी-पिवळा भागही तसाच. चवीला तोच उत्तम, हे खरं, पण लहान पोरीला नांगीतलं पांढरं मांस काढून द्या.

अनगोळकर
रिपोर्ट काढून बघितला, तळाला 'डीडब्ल्यू' आहेच. म्हणजे ०.३० धरतो. मग त्या सुरमईचे फ्रीजरमधले काप टाकून द्यायचे की खायचे? घरच्यांचं म्हणणं पडलं की बाळ होईपर्यंत मासेच बंद करू.

निपाणी_आहार
मासे बंद करू नका, अगदी मनापासून सांगते. बाळाच्या मेंदूला लागणारं डीएचए हे स्निग्ध आम्ल आपल्या जेवणात माशाशिवाय फारसं कुठून येत नाही. ज्वारीची भाकरी आणि आमटी ते देत नाही. अमेरिकेचा सल्लाही गरोदर बाईने कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खावेत असाच आहे. तारले, पेडवे आठवड्यातून दोनदा, दर वेळी सव्वाशे-दीडशे ग्रॅम, हे ठरवून टाका.

आता तुमच्या कापांचा हिशेब. जेईसीएफए या आंतरराष्ट्रीय समितीने २००३ मध्ये मिथाइल मर्क्युरीची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम ठरवली, तीच मुळी पोटातल्या बाळाकडे बघून. युरोपच्या ईएफएसए या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये १.३ केली. वैनींसाठी मी १.३ च धरेन: ५८ गुणिले १.३, म्हणजे ७५ मायक्रोग्रॅम. ०.३० च्या माशात ते २५० ग्रॅममध्ये भरतात. पण वर सांगितल्याप्रमाणे तुमचा आकडा कमी निघालेला असू शकतो, आणि बाळाच्या रक्तात पारा आईपेक्षा जास्त, सरासरी पावणेदोनपट चढतो. म्हणून त्या सुरमईचे काप वैनींना देऊच नका. टाकायचेही नाहीत, घरातल्या मोठ्या माणसांनी आठवड्याला एकेक खावा. पुतणीसाठी १४ गुणिले १.३, म्हणजे १८ मायक्रोग्रॅम, म्हणजे कच्चे ६० ग्रॅम. शंभर ग्रॅमच्या एका कापातच ती मर्यादा ओलांडते. तिला मुडदुशे.

आजवर खाल्लेल्याने वैनींना धसका घेऊ देऊ नका. मर्यादा एका ताटाची नसते, आठवड्यांच्या सरासरीची असते. शरीरातला मिथाइल मर्क्युरी सुमारे ५० दिवसांत निम्मा होतो, पुढच्या ५० त त्याचा निम्मा. आजपासून मोठा मासा थांबवला तर बाळंतपणापर्यंत बराच उतरेल. पारा काढणारी औषधं, चूर्णं, 'डिटॉक्स' पुड्या यांच्या वाटेला जाऊ नका. पाऱ्याची भस्मं घातलेली औषधं चालू असतील तर डॉक्टरांना त्यांची नावं सांगा, तो हिशेब माशाहून मोठा असू शकतो.

रसायन_खानापूर
ताई, बरोबर. सुक्या बांगड्याचं राहिलं. सुकवल्यावर पाणी जातं म्हणून किलोमागे आकडा फुगतो, तुमच्या रिपोर्टासारखाच. पण एक सुका बांगडा म्हणजे एक ओला बांगडाच, पारा तेवढाच. मोजायचं ते नगावर. सुक्यात जास्त जपायचं ते मिठाला, सहाव्या महिन्यात रक्तदाब बघूनच द्या.

आणि एक, अनगोळकर: २०१८ मध्ये गोव्यात मासे टिकवायला फॉर्मलिन लावतात या संशयाचं प्रकरण झाल्यापासून लोक कागदी पट्टीची किट घेऊन मासे तपासतात. कोचीच्या सीआयएफटी या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं ते किट फॉर्मलिन आणि अमोनियासाठी आहे. पट्टी कोरी राहिली म्हणून पारा नाही, असं धरू नका.