खाणीच्या अहवालातील ‘पाण्यावरील परिणाम नगण्य’ हे विधान कसे तपासावे?

प्रश्न (नाल्याकाठचा शेतकरी):
आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी आहे. गावालगतच्या खुल्या कोळसा खाणीचा विस्तार होणार असून पुढील महिन्यात जनसुनावणी आहे. खाणीच्या पर्यावरणीय परिणाम अहवालाच्या मराठी सारांशात नाला सुमारे दोन किलोमीटर वळवण्याचा उल्लेख आहे आणि लगेच पुढे ‘पाण्यावरील परिणाम नगण्य राहील’ असे लिहिले आहे. हा नाला आमच्याकडे फेब्रुवारीपर्यंत वाहतो आणि त्यातील दोन डोहांवर उन्हाळ्यात गावातील गुरांची तहान भागते. सदर विधान कशाच्या आधारे तपासावे आणि सुनावणीत कोणते प्रश्न लेखी द्यावेत, याबाबत मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (भूजल विषयातील निवृत्त कर्मचारी):
आपल्या प्रश्नातील फेब्रुवारीचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा आहे. पाऊस संपल्यावरही नाला वाहतो, तो जमिनीत मुरलेले पाणी हळूहळू पात्रात झिरपत असल्यामुळे. वर्धा खोऱ्यातील कोळसा बराकार वालुकाश्मात सापडतो आणि त्यावरील कामठी वालुकाश्म हा या भागातील चांगला पाणी धरणारा खडक आहे. खाण खोल करण्यासाठी हे थर कापावे लागतात आणि खड्ड्यात उतरणारे पाणी रात्रंदिवस उपसावे लागते. त्यामुळे खाणीभोवतीची भूजलपातळी खड्ड्याकडे उतरत जाते. ती नाल्याच्या तळाखाली गेली की जो नाला जमिनीकडून पाणी घेत होता, तोच जमिनीला पाणी देऊ लागतो आणि डिसेंबरातच आटतो. म्हणून पहिला प्रश्न असा द्यावा: उपशाचा प्रभाव कोणत्या दिशेने किती अंतरापर्यंत पोहोचेल, आणि त्या पट्ट्यातील कोणत्या विहिरी व नाल्याचा कोणता भाग अहवालाने विचारात घेतला आहे? नकाशावर चारही बाजूंना सारखे वर्तुळ काढले असल्यास हरकत घ्यावी, कारण वालुकाश्मातील भेगा आणि प्रस्तरभंग (खडक तुटून सरकलेल्या रेषा) पाणी एका बाजूला दूरवर ओढून नेऊ शकतात.

कोळसा खाणीचे नाव निघाले की आम्लयुक्त पाण्याची भीती व्यक्त होते, म्हणून त्याविषयी एक खुलासा करतो. मेघालयातील जैंतिया टेकड्यांच्या कोळशात गंधक पुष्कळ असल्याने तेथील नद्या आम्लधर्मी झाल्या. आपल्याकडील गोंडवाना कोळशात गंधक सहसा कमी असते. त्यामुळे केवळ सामू (पाण्याची आम्लता दाखवणारा pH) योग्य असल्याचे दाखवून पाणी सुरक्षित असल्याचा निष्कर्ष येथे पुरेसा नाही. आपल्या नाल्याला अधिक धोका गाळाचा, वाढत्या क्षारांचा आणि आटण्याचा आहे. खाणीतून सोडलेल्या पाण्यात तरंगत्या घन पदार्थांची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे, परंतु ढिगाऱ्यावरून मुसळधार पावसात थेट नाल्यात वाहून येणाऱ्या मातीची नोंद त्या नमुन्यात येईलच असे नाही.

उत्तर २ (खाणीलगतच्या गावातील शिक्षक):
आमच्या वावरातील विहीर वडिलांनी खोदली होती आणि मे महिन्यातही तिला हात-दीड हात पाणी राहत असे. खाण जवळ आली, त्यानंतर चार वर्षांत ती मार्चमध्ये कोरडी पडू लागली. भरपाईसाठी गेलो तेव्हा आधीची पातळी विचारण्यात आली आणि आमच्याजवळ एका ओळीचीही नोंद नव्हती. ही खंत अजून मनातून जात नाही. कृपया आजपासूनच मोजणी सुरू करा. विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटने खूण करा, दोरीला वजन बांधा आणि दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी मोटार सुरू होण्यापूर्वी पाणी किती खोल आहे ते वहीत लिहा. तारखेखाली ग्रामपंचायतीच्या दोन सदस्यांच्या सह्या घ्या.

उत्तर ३ (स्थापत्य अभियंता):
गुरुजींच्या सूचनेला एक पुस्ती जोडतो. अहवालातील मूळ मोजणी साधारणपणे पावसाळा वगळून एकाच ऋतूची असते, आणि आपल्या खोऱ्यातील खरा प्रश्न पावसाळ्यात दिसतो. वर्धा दुथडी भरली की नाल्याचे पाणी नदीत शिरत नाही, फुगवटा मागे येतो आणि काठच्या वावरांत पसरतो. त्या पसरण्याच्या जागेवर मातीचे ढिगारे उभे राहिल्यास तेच पाणी गावाकडे वळते. चंद्रपूरजवळच्या इरई नदीच्या काठावरील ढिगाऱ्यांमुळे पात्र अरुंद झाल्याची चंद्रपूरकरांची तक्रार याच स्वरूपाची आहे. त्यामुळे ढिगारा पूररेषेपासून किती दूर आहे आणि वळवलेल्या पात्राची रुंदी ठरवताना नदीचा फुगवटा धरला आहे का, हे विचारावे. वळणे काढून नाला सरळ केला की उतार वाढतो, काठ खचतात आणि डोह उरत नाहीत. शेजारच्या सर्व खाणींचा एकत्रित उपसा किती, हेही विचारावे. प्रत्येक खाणीचा अहवाल स्वतंत्र असला तरी भूजल सर्वांचे एकच आहे. अहवालाचा संपूर्ण मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहण्यास ठेवणे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार बंधनकारक आहे. केवळ सारांशावर विसंबू नये.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा आभारी आहे. आज सकाळी सहा विहिरींवर खुणा केल्या. आमच्या विहिरीत पाणी कठड्यापासून ६ मीटर ४० सेंटिमीटरवर आहे. मोठ्या डोहाच्या वर २० मीटर अंतर आखून लाकडाचा तुकडा सोडला आणि तो किती वेळात खाली पोहोचतो याची तीनदा नोंद केली. सोमवारी मसुदा पाहण्यासाठी जिल्हा परिषदेत जात आहे. त्यातील नाल्याचा नकाशा पाहून पुन्हा लिहीन.