जाळ्यात गादा सापडतो तेव्हा : अनुभव लिहा

मालवण
काल तारकर्लीला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना पाहिली आणि वडिलांबरोबर किनाऱ्यावर गेलो होतो ती एक सकाळ आठवली. बांगड्यांच्या मागे आलेला गादा, म्हणजे कुबडवाला डॉल्फिन, रापणीत कोंडला गेला होता. तांडेलांनी, म्हणजे म्होरक्यांनी, दोर सैल सोडायला लावले आणि त्याच्याबरोबर बरीच मासळीही निघून गेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे, पण तेव्हा तिथे कायद्याचे नाव कोणीच काढले नाही. तुमच्याकडे असे प्रसंग येतात का?

देवगड
रापणीत तो जिवंत सापडतो, म्हणून सोडता येतो. खरा घात गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्यात, होतो. डॉल्फिन फुप्फुसांनी श्वास घेतो. रात्रभर पाण्यात राहिलेल्या जाळ्यात अडकला, की त्याला वर येता येत नाही आणि तो गुदमरून मरतो. पहाटे जाळे ओढताना हाताला जे जड लागते, ते पाहून खलाशांपैकी कोणीही बोलत नाही. मादीला काही वर्षांच्या अंतराने एकच पिल्लू होते, त्यामुळे अशी एक मादी गेली तरी ती उणीव लवकर भरून निघत नाही.

वेंगुर्ले
आमच्या दिरांनी जाळे कापून एक सोडला. २०१८ पासून राज्य सरकार अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते आणि ती त्यांना मिळाली. त्या रकमेत जाळे उभे राहते, पण ऐन हंगामात जाळे नसताना बुडालेली मासळी कोणत्याही हिशेबात येत नाही, आणि तो भार त्या एका घरानेच का सोसावा, असे मला मनापासून वाटते.

रत्नागिरी
ताई, दिरांना आमचा नमस्कार सांगा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत रुतले, तेव्हा त्याला समुद्रात परत नेण्यासाठी लोक खूप झटले. तरीही ते वाचले नाही, याचे दुःख अजून आहे.

मुंबई
पाठीवर पर नसलेल्या पॉरपॉइजविषयीही, म्हणजे डॉल्फिनच्या छोट्या नातेवाइकाविषयीही, लिहायला हवे. तो लहान आणि बुजरा असल्यामुळे होडीवरून सहसा दिसतच नाही. गाद्याला पाहायला पर्यटक पैसे देऊन येतात. हा बिचारा बहुतेक वेळा जाळ्यात मेल्यावरच लोकांच्या नजरेस पडतो.

मालवण
पर्यटकांचा विषय निघाला म्हणून सांगतो, गाद्यांच्या कळपाच्या मागे चारही बाजूंनी होड्या लावणे थांबले पाहिजे. इंजिन मंद ठेवून दूर थांबले, तर गादा आपणहून जवळ येतो, हे जुने नाखवे (होडीवाले) नेहमी सांगतात.

देवगड
वेंगुर्ल्याच्या ताई, भरपाईसाठी फोटो लागतो असे ऐकले आहे. दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले असताना तो कोणी आणि कसा काढला, एवढे दिरांना विचारून इथे लिहाल का?

वेंगुर्ले
विचारले. एकाने जाळे कापायचे आणि दुसऱ्याने फोटो काढायचा, हे होडी बंदरातून सुटण्याआधीच ठरवून ठेवावे, असे ते सांगतात.