विषय: ढोलांचा ट्रेलर आणि ९७ सालचा डॉज

निखिल, डेन्व्हर

मंडळी, नमस्कार.
ढोल-ताशे, मखर आणि स्टेजचे सांगाडे यंदा ग्रँड जंक्शनला न्यायचे आहेत. माझा १९९७ चा डॉज रॅम २५०० पिकअप ट्रक आहे, कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. भरलेला ट्रेलर साडेसहा हजार पौंडांपर्यंत जाईल. इंजिन ठणठणीत आहे, पण वाटेत ११ हजार फुटांवरचा आयसेनहॉवर बोगदा लागतो. आधी काय काय बघून घेऊ? पुण्याचे श्रीकांतकाका अजून आपल्या ईमेल लिस्टवर आहेत ना?

श्रीकांत, कोथरूड, पुणे

चि. निखिल,
आहे, आहे. पुण्याला परतलो तरी तुमची भांडणं वाचायची सवय सुटलेली नाही. किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली इथेच सुरू झाली, तेव्हा या इंजिनाबद्दल कोथरूडमध्ये कुणीही सल्ला देईल, विचारलं नाही तरी.

इंजिन ओढेल. मला काळजी गिअरबॉक्सची आणि उताराची. ऑटोमॅटिकला मोठा ऑइल कूलर आणि तापमानाचा गेज लावून घे, चढावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वात वरचा गिअर, बंद ठेव. दुसरा गेज एक्झॉस्टच्या तापमानाचा, टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या नळीत. काटा १२५० फॅरनहाइटकडे सरकला की पाय सैल सोडायचा. विरळ हवेत तो लवकर सरकतो.

रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसला म्हणून फसू नकोस. या इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेलाचे बारीक तुषार उडतात, जाळीत बसतात, त्यावर धूळ चिकटते. पंख्याच्या बाजूने नीट धुऊन घे. आणि टायमिंग केसमधली, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या गिअरांच्या पेटीतली, डॉवेल पिन (जुळवणीची छोटी खुंटी)! जुन्या ५.९ मध्ये ती सुटून गिअरमध्ये पडते आणि केसिंगच फुटतं. ती अडवायला बोल्टखाली एक पट्टी बसवतात. आधीच्या मालकाने बसवली होती का, विचार.

आता उतार. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत जवळजवळ ७ टक्के आहे. खंबाटकीत ब्रेकच्या वासाने नाक झोंबतं, तो वास तुला तिथे यायला नको. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक, गाडीत त्यांचा कंट्रोलर, आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी बॅटरी चार्ज केलेली. एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा) लावणार असशील तर आधी ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधला दुवा, लॉक होतोय का बघ, नाहीतर पैसे वाया.

सुजाता, डेन्व्हर

काका, ढोल मागे ठेवले तर चालतील ना? उतरवायला सोपे जातात.

श्रीकांत, कोथरूड, पुणे

अगं, अजिबात नको! हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो तिथे, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायलाच हवा, म्हणजे तुमच्या हिशेबाने ६५० ते ९७५ पौंड. वजन मागे गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. जड सांगाडे चाकांच्या जरा पुढे, ढोल त्यांच्यावर. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच: आठवडा आणि साल. सहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही छान असो, बदला.

निखिल, डेन्व्हर

काका, टायर २०१४ चे निघाले. नवे मागवलेत. शनिवारी सकाळी ट्रेलर भरून ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर नेतोय, उचलायला चौघं हवेत. पोहे माझ्याकडे.