मदत हवी आहे: शिलाई मशीन खालून नुसतं जाळं करतंय, रविवारी कानबाई आहे

अमळनेरकरीण:
वरून टाका बरा दिसतो, कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं. खालच्या दोऱ्याची बॉबिन बदलली, फरक नाही. रविवारी आमच्या खानदेशातली कानबाई देवी बसणार, सगळी भाऊबंदकी घरी येणार आणि जावांचे ब्लाऊज माझ्याकडेच अडकलेत. लवकर सांगा.

शिवणवेडी:
मशीन पायाचं की मोटरचं? कापड कोणतं? सुई किती नंबरची? एवढ्यावरून काय सांगणार ताई.

चोपड्याची लेक:
बॉबिनच्या डबीवरचा बारीक स्क्रू आवळा. माझं असंच झालं होतं, लगेच सुधारलं.

भुसावळचा फिटर:
स्क्रूला हात लावू नका! जाळं खाली येतंय म्हणजे वरचा दोरा सैल आहे. आधी खात्री करा. वर लाल दोरा लावा, बॉबिनमध्ये पांढरा. खाली लाल फासे दिसले तर दोष वरच्या टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा.

चोपड्याची लेक:
दादा, मी अनुभवाचं सांगतेय, ऐकीव नाही.

भुसावळचा फिटर:
तुमच्या मशीनला ते लागू पडलं असेल. पण डबी तपासायची रीत आहे. बॉबिन भरलेली डबी दोऱ्याला धरून लटकवा, हलका झटका द्या. थोडी घसरून थांबली तर खालचं टेन्शन ठीक. झटका न देताच घरंगळत खाली गेली तरच स्क्रू जरासा आवळायचा.

धुयानी माय:
बहीन, सुई उलटी लागेल व्हई. सपाट बाजू शटलकडे पाहिजे, लांब खाच जठे शे तठून दोरा ओवा.

भुसावळचा फिटर:
माय, सुई उलटी असती तर टाकाच धड पडला नसता. इथे टाका पडतोय.

शहादेकर:
आता झिगझॅगवालं मोटरचं मशीन घ्या. फॉल-पिको घरीच होतं, गल्लीतली कामंही मिळतात. ओव्हरलॉकचं वेगळं घ्यावं लागेल, त्याचं विचारायचं तर विचारा.

अमळनेरकरीण:
नवीन घ्यायचं असतं तर हे विचारलंच नसतं. काळं पायमशीन आहे, सासूबाईंचं. आत सुती अस्तर, वर क्रेप. लाल-पांढरं करून पाहिलं, खाली लालच दिसतंय.

भुसावळचा फिटर:
बिघडायच्या आधी शेवटचं काय शिवलं?

अमळनेरकरीण:
गोधडी. जुन्या लुगड्यांची, जाड. त्याचा इथे काय संबंध?

भुसावळचा फिटर:
सगळा संबंध तोच. जुन्या सुती कापडाची लव दोऱ्याबरोबर टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा दाबून धरणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये जाऊन बसते. मग चकत्या मिटत नाहीत, घुंडी कितीही फिरवा, दोरा सैलच राहतो. कापड दाबणारा फूट वर उचला, म्हणजे चकत्या सुटतात. सुती कापडाची घडी मधून ओढून काढा, सुईने खरवडू नका. फूट वर असतानाच दोरा पुन्हा लावा. फूट खाली ठेवून लावला तर तो चकत्यांच्या आत जातच नाही, कडेवर राहतो. दोरा उचलणाऱ्या दांडीच्या भोकातूनही गेलाय ना, ते बघा. कापड सरकवणाऱ्या दातांवरची पट्टी उघडून तिथलीही लव झाडा.

शिवणवेडी:
पट्टी उघडलीच आहे तर तेलही द्या. माझी आजी खोबरेल घालायची.

चोपड्याची लेक:
खोबरेल अजिबात नको. आपल्याकडे थंडीत ते गोठतं, मशीन जाम होतं. मशीनचं पातळ तेल मिळतं, तेच थेंबभर. मग चिंधीवर शिवून घ्या, नाहीतर ब्लाऊजवर डाग.

शिवणवेडी:
जुनं तेल चिकट झालं तर रॉकेलने धुतात ना?

अमळनेरकरीण:
तेलाचं नंतर बोला! चकत्यांमधून बोंडासारखा कापूस निघाला. जाळं गेलं. पण क्रेपवर आता मधले मधले टाके सुटतायत, अस्तरावर नाही.

भुसावळचा फिटर:
सुई गोधडीचीच आहे का? १८ ची असेल तर क्रेपला ती जाड पडते, शिवाय जाड शिवणीवर वाकलेलीही असेल. काचेवर सपाट ठेवून बघा, टोक उचललेलं दिसलं तर फेकून द्या. ११ नंबरची नवी लावा, शेवटपर्यंत वर सरकवून स्क्रू घट्ट करा.

धुयानी माय:
मी सुईच म्हणनू ना!

अमळनेरकरीण:
११ ची लावली. टाका सलग येतोय. फिटरदादा, माय, सगळ्यांचे आभार. आता बाह्या जोडायला बसते.

शहादेकर:
ताई, लुगड्याची गोधडी मशीनवर किती पदरांची जमते? आमच्याकडे हातानेच घालतात.