अनुभव धागा : भयकथेची पहिली वही

नारायण धारपांच्या जन्माला २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने त्यांची पुस्तके पुन्हा वाचताना वाटले की, भयकथा लिहू पाहणाऱ्या आपल्यातील अनेकांची सुरुवात वाचनालयातल्या त्यांच्याच एखाद्या पुठ्ठा निसटलेल्या पुस्तकापासून झाली असावी. म्हणून हे आवाहन : आपल्याला प्रथम कोणत्या लेखनाने घाबरवले, आपल्या पहिल्या कथेत त्यातले काय उतरले आणि ते उसने आहे हे केव्हा ध्यानात आले, ते सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

सातवीच्या सुटीत मी धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी वाचली. आमचे न्हाणीघर मागच्या अंगणात होते आणि त्यानंतर कितीतरी दिवस अंधार पडल्यावर तिकडे जाताना मी आईला दाराशी उभी करत असे. त्याच सुटीत दोनशे पानी वहीत पहिली कथा लिहिली. तिच्यात उंच छताची हवेली होती, भिंतीत बांधलेली शेकोटी होती आणि खिडक्यांना मखमली पडदे होते. प्रत्यक्षात मी कराडला दोन खोल्यांच्या घरात राहत होते आणि अशी शेकोटी कधी पाहिलीही नव्हती. पुढे महाविद्यालयात स्टीफन किंग यांची १९७५ सालची ‘सेलम्स लॉट’ वाचली, तेव्हा ‘लुचाई’चा सांगाडा तिथला आहे हे कळले आणि आरंभी फार वाईट वाटले. नंतर दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचल्यावर दिसले की सांगाडा परका असला, तरी माणसांचे बोलणे, नाती आणि श्रद्धा धारपांनी इथल्या मातीतून उभ्या केल्या आहेत. माझ्या वहीतल्या कथेत तर दोन्ही उसने होते. त्या न्हाणीघरावर मी आजवर एकही ओळ लिहिलेली नाही, हे आता लिहिताना लक्षात येत आहे.

*

मी वेंगुर्ले तालुक्यातला. माझ्यावरचा पहिला संस्कार पुस्तकाचा नसून आजीच्या बोलण्याचा आहे. दिवेलागणीनंतर कोणी देवचाराचा, म्हणजे रात्री वावरणाऱ्या अदृश्य शक्तीचा, विषय काढला, तर ती ‘राती तेचा नाव घेव नये’ एवढेच म्हणे आणि हातातले काम पुढे चालू ठेवी. तिच्या त्या गप्प राहण्याने जेवढा काटा अंगावर येई, तेवढा पुढे कोणत्याही वर्णनाने आला नाही.

चि. त्र्यं. खानोलकरांची ‘रात्र काळी, घागर काळी’ मी अकरावीत वाचली. ते आमच्याच भागातले, बागलांच्या राईत जन्मलेले. त्यांना भयकथाकार म्हणणे मला योग्य वाटत नाही. पण आपल्या पायाखालची लाल पायवाट, माडांची सळसळ आणि माणसांच्या मनातली वासना मिळून एवढी काळोखी तयार होते, हे मला त्यांनी दाखवले. तोपर्यंत मी लिहिलेल्या तीन कथांत हडळ, कवट्या आणि अमावास्या यांचीच गर्दी होती.

चौथी कथा आरवलीच्या वेतोबावरून सुचली. तिथे देवाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि चालून चालून त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. लहानपणी मी त्या वहाणांचे तळ पाहण्यासाठी धडपडत असे. कथेत मी असे कल्पिले की एका चर्मकाराने करून दिलेल्या वहाणा वर्षभरानंतरही कोऱ्याच राहतात, आणि त्या न झिजलेल्या तळांचा अर्थ काय, हे गावातला एकही माणूस मोठ्याने बोलत नाही. ही कथा लिहिताना मला प्रथमच स्वतःला भीती वाटली. मात्र तिच्यामागे एक वेगळी अस्वस्थताही होती. जो देव गावाला राखतो, त्याच्याकडे भयकथेचे साहित्य म्हणून पाहावे का? बरेच दिवस विचार करून मी गावाचे नाव काढले, देवाचे नाव काढले आणि कथेच्या आरंभी घातलेले गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढे मोठ्याने म्हटली जाणारी विनवणी, तीही गाळली, कारण ज्या गाऱ्हाण्याला ‘व्हय महाराजा’ म्हणून आम्ही मनापासून साथ देतो, ते केवळ वातावरणासाठी वापरणे मला रुचले नाही. कथा पातळ झाली असे एका मित्राचे मत आहे. मला तसे वाटत नाही. नावे गेल्यावर त्या वहाणा अधिक ठळक दिसू लागल्या आणि आजीने नाव घेऊ नये असे का सांगितले होते, तेही मला लेखक म्हणून समजले.

*

माझे दैवत रत्नाकर मतकरी. डोंबिवलीला लहानपणी ‘अलबत्या गलबत्या’ पाहिले होते. त्याच हाताने ‘खेकडा’मधल्या कथा लिहिल्या आहेत हे कळले, तेव्हा मी चकित झाले होते. ते आपल्या कथांना गूढकथा म्हणत आणि हा शब्द मला नेमका वाटतो, कारण त्यांच्याकडे भूत असो वा नसो, भीती बहुधा माणसाच्या मनातूनच येते आणि ती ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसांत येते.

मी अठराव्या वर्षी एका दिवाळी अंकाकडे कथा पाठवली. एकटी राहणारी शिक्षिका, आणि शेजारच्या कुलूपबंद खोलीतून पाढे म्हणणाऱ्या मुलांचा आवाज. शेवटी मी दोन परिच्छेद खर्ची घालून ती मुले कोण, कशी मेली आणि शिक्षिकेचा त्यात दोष काय, हे सर्व सांगितले होते. कथा ‘साभार परत’ आली. मात्र त्या दोन परिच्छेदांवर पेन्सिलीने एक तिरकी रेघ होती आणि बाजूला ‘वाचकाला कळले आहे’ असे लिहिलेले होते. त्या अनोळखी संपादकांचे ऋण मी आजही मानते. मतकरींचे शेवट मी शंभरदा वाचले होते, पण त्यांतला धक्काच काय तो उचलला होता. धक्क्याच्या आधी ते किती कमी सांगतात, याकडे माझे लक्षच गेले नव्हते.

*

एक छोटा अनुभव. एम. आर. जेम्स हे केंब्रिजमधले विद्वान नाताळच्या सुमारास आपल्या भुताच्या कथा मित्रांना वाचून दाखवत, असे वाचल्यापासून मीही वसतिगृहात वीज गेली की मेणबत्तीच्या उजेडात माझा कच्चा खर्डा वाचू लागलो. भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचा आवाज जिथे थांबे, तिथे मी समासात खूण करत असे. जिथे रक्त होते तिथे शेंगा चालूच राहिल्या. ‘मोरीतला नळ कोणीतरी नीट बंद केला’ या वाक्याला खोली शांत झाली होती. तेवढे एक वाक्य त्या खर्ड्यातून उरले आहे.

*

वरील अनुभव वाचून धीर आला म्हणून लिहिते. आमच्या गावी शाळेच्या वाटेवर पिंपळ होता आणि त्यावर मुंजा आहे असे सर्व मुले मानत. मुंज झाल्यावर, सोडमुंजीच्या आधीच गेलेला मुलगा मुंजा होतो, हे आम्हाला ठाऊक होते, पण तो कोणाचा तरी मुलगा असतो, हे कधी मनात आले नव्हते. माझ्या पहिल्या कथेत मुंजा फांदीवरून उडी मारतो, हसतो आणि वाटसरूंना झपाटतो. ती मी मोठ्या उत्साहाने आजीला वाचून दाखवली. ती मध्येच म्हणाली, ‘आमचा दादा नऊ वर्षांचा होता गं. मुंजीचं घोटलेलं डोकंसुद्धा भरलं नव्हतं.’

त्या दिवशी मी वही मिटली आणि दोन वर्षे उघडली नाही. नंतर लिहिलेल्या खर्ड्यात मुंजा कोणालाही झपाटत नाही. तो तिन्हीसांजेला पिंपळाखाली येतो आणि लांबून घरातल्या दिव्याकडे पाहत उभा राहतो. हा खर्डाही मी आजीलाच वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ‘घरच्यांनी दिवा रात्रभर ठेवला होता ना?’ कथेत तसे लिहिलेले नव्हते. मी होय म्हणाले आणि उठून ते वाक्य घातले.