मदत हवी आहे: मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास एकट्या प्राध्यापकाला झेपतो का?

नमस्कार मंडळी,

मी राज्यशास्त्र शिकवते. पीएचडी पक्षसंघटनेवर केली. उमेदवारी कशी ठरते, बंडखोरी कशातून होते, तालुक्याचा पदाधिकारी नेमकं कुणाचं ऐकतो, असा तो विषय. प्रबंधात पक्षाची माणसं भरभरून बोलतात. मतदार मात्र फक्त निकालाच्या तक्त्यात दिसतो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालतो, त्याच्याबद्दल मला काहीच सांगता येत नाही ही बोच प्रबंध संपल्यावरही गेली नाही. म्हणून नोकरीची पुढची वर्षं मतदाराच्या अभ्यासाला द्यावीत असं मनात आहे.

वाचायला लागले तसं हे क्षेत्र व्यक्तींपेक्षा संस्थांचं वाटू लागलं. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतल्या ईरी काउंटीत त्याच सहाशे मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठलं. मिशिगन विद्यापीठाच्या चौघा अभ्यासकांचं १९६० चं गाजलेलं पुस्तक देशव्यापी सर्वेक्षणांवर उभं आहे. आपल्याकडचा १९६७ चा पहिला राष्ट्रीय निवडणूक अभ्यासही दिल्लीतल्या सीएसडीएससारख्या समाजविज्ञान संशोधन संस्थेच्या बळावर झाला. हे सगळं वाचून उमेद येते, आणि तेवढंच दडपणही. माझ्याकडे वर्गाचे तास सांभाळून उरलेला वेळ आणि सुट्ट्या आहेत.

विभागातल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं, दुसऱ्यांनी गोळा केलेल्या आकडेवारीवर लिहिलेलं कायम दुय्यमच राहतं. दुसरे म्हणतात की संख्याशास्त्र पक्कं नसेल तर या वाटेला जाऊच नये. निवडणूक आली की वाहिन्यांचे फोन येतात, त्यांना फक्त कोण येणार एवढंच हवं असतं. ते स्वीकारावेत की नाही, हेही कळत नाही.

या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सांगा: स्वतःचं मोठं सर्वेक्षण नसताना इथे भर घालता येते का? संख्याशास्त्र किती आणि कुठून शिकावं? सुरुवात कशाने करावी? सल्ला कडक असला तरी चालेल.

प्रतिसाद १

मॅडम, मी निवृत्त शिक्षक आहे, हाच विषय शिकवत आलो. दुय्यम आकडेवारीवरचं काम दुय्यम असतं, हे मत मला अजिबात मान्य नाही.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ व्ही. ओ. की यांचं उदाहरण घ्या. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी गॅलप या अमेरिकी संस्थेच्या जुन्याच जनमत चाचण्या पुन्हा उघडल्या. एका निवडणुकीकडून दुसरीकडे जाताना पक्ष बदलणारे मतदार वेगळे काढले आणि त्यांची धोरणांबद्दलची मतं तपासली. पक्ष बदलण्याची दिशा त्या मतांशी बरीच जुळत होती. मतदार आंधळेपणाने वाहवत जातो या समजाला त्यातून मोठा धक्का बसला. व्ही. ओ. की १९६३ मध्ये वारले, त्यांचं हे पुस्तक १९६६ मध्ये आलं. आकडे गॅलपचे होते, पण हा प्रश्न त्यांना विचारावा हे गॅलपला सुचलं नव्हतं.

मिशिगनच्या त्या चौघांपैकी फिलिप कॉन्व्हर्स यांचं तसंच. मिशिगनच्या सर्वेक्षणात त्याच माणसांना १९५६, १९५८ आणि १९६० मध्ये तेच प्रश्न विचारले गेले होते. कॉन्व्हर्सना दिसलं की काही प्रश्नांवर अनेकांची उत्तरं दर वेळी जणू नाणं उडवून दिल्यासारखी बदलतात. म्हणजे मतच नसताना लोक उत्तर देत होते. हे मांडणाऱ्या त्यांच्या १९६४ च्या निबंधावर आजही वाद चालतो. सर्वेक्षण अनेकांचं होतं, शंका एकाची होती.

मिशिगनच्याच वॉरन मिलर यांनी १९६२ मध्ये विद्यापीठांसाठी सामायिक विदासंग्रह, म्हणजे सर्वेक्षणांच्या आकडेवारीचा साठा, उभा केला. ज्याला मोठं सर्वेक्षण परवडत नाही, त्यालाही संशोधन करता यावं हा त्यातला मोठा लाभ. तो वापरणारे दुय्यम नाहीत, विदासंग्रह त्यांच्यासाठीच असतो.

आणि एकट्याने, लहान जागेवर केलेलं कामही टिकतं. फ्रेंच अभ्यासक आंद्रे सिगफ्रीद यांनी १९१३ मध्ये पश्चिम फ्रान्सचे निकाल, जमिनीची मालकी, वस्तीची ठेवण आणि चर्चचा प्रभाव नकाशांवर शेजारी शेजारी मांडला. पुणे विद्यापीठातल्या प्रा. सिरसीकरांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा पुण्यात अभ्यास केला, तो १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आला. आपल्याकडे या विषयाला पाठ्यपुस्तकात जागाही नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

तेव्हा साधनांची काळजी नंतर करा. तुमचा प्रश्न काय आहे? ‘मतदार कसं मत देतो’ हा प्रश्न नाही, ते अख्खं क्षेत्र झालं. प्रश्न असा हवा की ज्याच्या दोन उत्तरांपैकी एक चुकीचं ठरू शकेल.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. तुमच्या शेवटच्या वाक्यावर बराच विचार केला.

माझा प्रश्न असा आहे. १९९९ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभेचं मतदान एकत्र झालं. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा युतीला मिळाल्या, शिवसेना १५ आणि भाजप १३. विधानसभेत मात्र युती २८८ पैकी १२५ वर थांबली, शिवसेना ६९ आणि भाजप ५६. वेगवेगळे लढलेले काँग्रेस आणि राष्ट्रवादी अनुक्रमे ७५ आणि ५८ वर गेले आणि नंतर एकत्र येऊन त्यांनी सरकार बनवलं. मतदान केंद्र तेच, मतदारही तेच. मग काही मतदारांनी जाणूनबुजून दिल्लीसाठी एक आणि मुंबईसाठी दुसरा पक्ष निवडला, की हा फक्त उमेदवार, बंडखोर आणि तिरंगी लढतींचा परिणाम?

पक्षाच्या बाजूने हे मी पाहिलेलं आहे, कारण बंडखोरी माझ्या प्रबंधातच होती. आता मतदाराच्या बाजूने पाहायचं आहे. हा प्रश्न वीस वर्षं पुरेल का?

प्रतिसाद २

ताई, प्रश्न उत्तम आहे. मी संख्याशास्त्राच्या बाजूने येतो, म्हणून आधी धोका सांगतो.

जागा बाजूला ठेवा, मतं पाहा. आपल्या निवडणूक पद्धतीत मतांच्या लहानशा फरकाने जागांचा मोठा फरक पडतो आणि तिरंगी लढतीत तर फारच. २८ आणि १२५ या आकड्यांवरून मतदारांनी मत विभागलं असं अजून काहीच सिद्ध होत नाही. लोकसभेची मतंही विधानसभा क्षेत्रनिहाय मोजली जातात, त्यामुळे एकाच क्षेत्रातली दोन्ही मतं समोरासमोर ठेवता येतात. पहिला शोधनिबंध तिथूनच निघेल.

पण तिथेही खड्डा आहे. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवलं की राज्यांची तुलना केली तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध (दोन गोष्टी एकत्र वाढतात की उलट जातात याचं माप) उणे ०.५३ येतो, आणि व्यक्तींच्या पातळीवर तोच अधिक ०.१२. चिन्हच उलटलं! कारण स्थलांतरित लोक साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते. तुमच्या बाबतीत असं होईल: एखाद्या क्षेत्रात युतीला लोकसभेत दहा टक्के मतं जास्त दिसली, तर दहा टक्के मतदार फिरले असं म्हणता येणार नाही. पंधरा टक्के एकीकडे आणि पाच टक्के उलट दिशेने गेले असतील. एकूण बेरीज व्यक्तीची हालचाल लपवते. त्यासाठी सर्वेक्षण लागतंच. १९९९ चा राष्ट्रीय निवडणूक अभ्यास उपलब्ध आहे. आकड्यांना हात लावण्याआधी त्याची प्रश्नावली शब्दन् शब्द वाचा.

तुलनेसाठी ओडिशा घ्या. तिथे दोन्ही मतं एकाच दिवशी पडतात. २०१९ मध्ये बिजू जनता दलाने विधानसभेच्या तेव्हा मतदान झालेल्या १४६ पैकी ११२ जागा जिंकल्या, पण लोकसभेच्या २१ पैकी १२ च, भाजपला ८ मिळाल्या. २०२४ मध्ये भाजप लोकसभेत २० आणि विधानसभेत ७८ वर गेला. एकदा फारकत ठळक, पुढच्या वेळी दोन्हीकडे पारडं एकाच बाजूला. मतदान यंत्रांमुळे हल्लीचे केंद्रनिहाय आकडे फॉर्म २० या अधिकृत निकालपत्रकात मिळतात. ते पीडीएफमधून बाहेर काढणं कंटाळवाणं काम आहे, पण विद्यार्थ्यांना सोबत घेऊन होतं. मात्र महाराष्ट्रात १९९९ ची २००९ शी थेट तुलना करू नका, २००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघांच्या सीमा बदलल्या.

शिकायचं किती? नमुना निवड, भारांकन (नमुना लोकसंख्येशी जुळवून घेणं), लॉजिस्टिक प्रतिगमन (हो-नाही अशा उत्तरांचं विश्लेषण) आणि बहुस्तरीय प्रारूपं (व्यक्ती आणि मतदारसंघ एकत्र तपासणं). एवढं पक्कं झालं तर तुमच्या प्रश्नापुरतं पुष्कळ आहे. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकप्रणाली मोफत आहे. सीएसडीएसच्या लोकनीती या निवडणूक अभ्यास कार्यक्रमाची प्रशिक्षणं होत असतात, त्यांचा फायदा घ्या. सूत्रं पाठ करू नका, एकच विदासंच घेऊन त्यावर सगळं शिका.

प्रतिसाद ३

वरचा प्रतिसाद महत्त्वाचा आहे, पण मला सर्वेक्षणाच्या दाराशी काय होतं ते सांगायचं आहे. मी पर्यवेक्षक म्हणून फिरले आहे.

‘मत कुणाला दिलं?’ हे उत्तर तोंडी मागितलं की ते शेजाऱ्याच्या, नवऱ्याच्या, कार्यकर्त्याच्या कानावर पडतं. म्हणून सीएसडीएसच्या अभ्यासात नमुना मतपत्रिका आणि पेटी वापरतात: मतदार खूण करतो, घडी घालतो, पेटीत टाकतो. निकालानंतर विचारलं तर जिंकलेल्याला मत दिलं म्हणणारे वाढतात, आणि मत न देताच दिलं म्हणणारे जगभर सापडतात. तुमच्या प्रश्नात तर दोन मतं आठवायची आहेत. दोन स्वतंत्र मतपत्रिका ठेवा. दोन्ही प्रश्न लागोपाठ विचारलेत तर सुसंगत दिसण्यासाठी लोक दुसरं उत्तर पहिल्यासारखंच देतील, म्हणून मध्ये दुसरे विषय घाला.

बायकांना शक्यतो बाईनेच, आणि घरातले इतर आसपास नसताना विचारावं. हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. घाई केली तर वहीत नवऱ्याचं उत्तर येतं.

आणि प्रश्नावलीच्या आधी नुसतं ऐका. ‘वर एक, खाली एक’ असं लोक स्वतःहून म्हणतात का? की ‘माणूस बघून दिलं’ म्हणतात? हा फरक तुमच्या गृहीतकाच्या मुळाशी आहे, आणि तो कुठल्याही तयार विदासंचात मिळणार नाही. एकाच भागात एका निवडणुकीपासून दुसरीपर्यंत त्याच माणसांना भेटत राहा. संख्या थोडी असली तरी चालेल. संस्थांना देशभर फिरावं लागतं, एका जागी वर्षानुवर्षं थांबणं त्यांना जमत नाही. तुम्हाला ते जमेल.

प्रतिसाद ४

वाहिन्यांबद्दल थोडक्यात. निकालानंतर विश्लेषणाला जरूर जा, लोकांना समजावून सांगणं हे आपलंच काम आहे. जागांचा अंदाज मात्र देऊ नका. मतांवरून जागा काढणं हे वेगळं कसब आहे, आणि एकदा अंदाज चुकला की तुमचं दहा वर्षांचं कामही लोक त्याच तराजूत तोलतात. पक्षाने पैसे दिलेलं सर्वेक्षण स्वतःच्या नावाने छापू नका.

कच्च्या नोंदी पहिल्या दिवसापासून जपा: कुणी, कधी, कुठे मुलाखत घेतली. मतदारांच्या दारोदारच्या संभाषणांवरचा २०१४ चा एक अतिशय गाजलेला निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकाने २०१५ मध्ये मागे घेतला. त्याच धर्तीचं काम करायला निघालेल्या इतर संशोधकांना आकडे संशयास्पद वाटले आणि सर्वेक्षण झाल्याचा पुरावाच पुढे आला नाही.

वाचनात एक भर. कार्लहाइन्झ राइफ आणि हेरमान श्मिट यांचा १९८० चा निबंध मिळवा. १९७९ च्या युरोपीय संसदेच्या पहिल्या थेट निवडणुकीवरून त्यांनी ‘दुय्यम दर्जाच्या निवडणुकी’ची कल्पना मांडली: जिथे सत्ता पणाला नाही असं मतदाराला वाटतं, तिथे तो सत्ताधाऱ्यांना चिमटा काढतो, लहान पक्षांकडे वळतो. आपल्याकडे विधानसभा दुय्यम आहे का? मला तर अनेक ठिकाणी उलटंच वाटतं. तुमच्या प्रश्नाला जगभरच्या चर्चेशी जोडणारा धागा हाच आहे.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. आता क्रम असा ठरवते आहे: आधी १९९९ ची क्षेत्रनिहाय मतं, सोबतीला त्या वर्षीची प्रश्नावली आणि ‘आर’. येत्या निवडणुकीत लोकनीतीच्या अभ्यासात पर्यवेक्षक म्हणून काम मिळतं का ते विचारणार. त्याच्या बरोबरीने एका विधानसभा क्षेत्रातल्या थोड्या मतदारांशी दीर्घकाळ बोलणं सुरू करेन.

प्रतिसाद ३ लिहिणाऱ्या ताईंना एक विचारायचं आहे. त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटल्यामुळे ती राजकारणाकडे जास्त लक्ष द्यायला लागली, तर आपण मोजतोय तेच आपण बदलत नाही का? यावर उपाय काय?

प्रतिसाद ५ (प्रतिसाद ३ ची लेखिका)

बदलतो, थोडं तरी बदलतोच. ईरी काउंटीत यासाठीच सहाशेंच्या मुख्य गटाशिवाय आणखी तीन गट ठेवले होते. त्या गटांना मध्ये फक्त एकदाच विचारायचं आणि मुख्य गटाशी ताडून पाहायचं. तुम्हीही प्रत्येक फेरीत त्याच भागातल्या मतदार यादीतून काही नवी नावं काढा आणि त्यांना तेच प्रश्न विचारा. नव्या आणि जुन्या मंडळींच्या उत्तरांत फरक पडायला लागला की समजा, तुमच्या भेटींचा परिणाम दिसतो आहे, आणि तो फरकही निबंधात मांडा. पहिली प्रश्नावली तयार झाली की इथेच टाका, मी वाचून सांगेन.